प्रवाळासाठी वाहते पाणी

(हिवरे बाजार येथे जमलेले ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे केलेले भाषण)



ज्या गावात पाऊस मिलिमीटरने मोजतात आणि विहिरीची पातळी पाहून रब्बीची पिके ठरवितात, त्या गावात उभे राहून समुद्रातील प्रवाळाविषयी बोलणे काहीसे धारिष्ट्याचेच आहे. त्यातून मी कला शाखेचा पदवीधर. जीवशास्त्र शिकलो ते जाणत्यांना विचारून आणि वाचून, महाविद्यालयात नव्हे. तरीही हा विषय घेतला, कारण त्याला निमित्त घडले आहे.

येथे आलेल्या शिक्षकांपैकी एकांनी मला मागे एक प्रश्न विचारला होता. त्यांच्या शाळेच्या विज्ञान कक्षात लोकवर्गणीतून काचेची टाकी बसवावी, तीत खारे पाणी भरावे आणि जिवंत प्रवाळ ठेवावे, असे गावाच्या मनात आले होते. मुलांनी चित्रफितींतून असे प्रवाळ पाहिलेले. शहरातील एका विक्रेत्याने त्यांना सांगितले होते की, टाकी मोठी घ्या, पाणी भरपूर ठेवा, मग काळजी नाही. गुरुजींनी मला विचारले, “दोनशे लिटर पुरेल का?” मला उत्तर देता आले नाही. पुढे चौकशी केली तेव्हा ध्यानात आले की, प्रश्नच अर्धा होता. प्रवाळाभोवती किती पाणी आहे यापेक्षा त्याच्या अंगावरून किती पाणी जाते, यावर त्याचे जगणे ठरते.

हिवरे बाजारने आपल्याला जो धडा दिला तो याच्या अगदी उलट दिशेचा आहे. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले आणि १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आले. त्यानंतर डोंगरउतारावर सलग समतल चर, ओढ्यानाल्यांवर बांध, पाझर तलाव अशी कामे झाली. धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला रांगायला लावा, रांगत्याला थांबवा आणि थांबलेल्याला जिरवा, हे पाणलोटाचे सूत्र आपण सर्व जण पाठ म्हणतो. जमिनीला थांबलेले पाणी हवे असते. प्रवाळाच्या बाबतीत मात्र पाणी थांबले की मृत्यूची सुरुवात होते. सूत्र उलटे असले तरी शिस्त एकच आहे. आपल्याकडचे पाणी कोठे जाते, किती वेगाने जाते, कोठे अडते, हे डोळ्यांनी पाहावे लागते आणि मापाने मोजावे लागते. येथील ताळेबंद तसाच तयार होतो. पाऊस किती पडला ते आधी पाहतात, पिकांचे मग ठरते. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस-केळी नाही.

आता प्रवाळ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. सोनाराच्या दुकानातील तांबडे पोवळे आपल्या ओळखीचे आहे. पण जिवंत प्रवाळ दगडही नव्हे आणि झाडही नव्हे. तो प्राणी आहे. अनेक लहान लहान जीव एकमेकांस जोडून एकाच वसाहतीत राहतात. प्रत्येकाचे शरीर म्हणजे एक इवलीशी पिशवी, तिला एक तोंड आणि तोंडाभोवती शुंडके. दगडी प्रवाळ पाण्यातील चुना घेऊन स्वतःखाली सांगाडा रचतात. त्यांच्या पेशींत एकपेशीय शैवाल वस्तीला असते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. या संसारात एकच अडचण आहे. हा प्राणी जागचा हलू शकत नाही. गाय ओढ्यावर जाऊन पाणी पिते; प्रवाळाकडे ओढ्यानेच यावे लागते.

पाणी कसेही असले तरी कोणत्याही वस्तूच्या पृष्ठभागाला त्याचा एक पातळ थर चिकटून राहतो आणि तो जवळजवळ हलत नाही. शास्त्रात त्यास सीमास्तर म्हणतात. प्रवाळाला लागणारा ऑक्सिजन, शैवालाला लागणारा कर्बवायू, सांगाड्यासाठी लागणारा चुना, तरंगणारे सूक्ष्म अन्न हे सारे या थरातून आत यावे लागते. आणि आतली घाण, चिकट स्राव, रात्री साठलेला कर्बवायू याच थरातून बाहेर जावा लागतो. पाणी संथ असेल तर थर जाड होतो आणि देवघेव मंदावते. पाणी वाहते असेल तर थर पातळ होतो. टाकीतील पाणी कितीही स्वच्छ असो, या थरापलीकडे ते पोचले नाही तर प्रवाळाच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच आहे. तळे तुडुंब भरलेले आणि चारी कोरडी, अशी स्थिती आपण शेतीत पाहिलेली आहे.

ही केवळ पुस्तकी बाब नाही. १९९८ मध्ये जगभरच्या समुद्रांचे पाणी तापले आणि प्रवाळ पांढरे पडले. आपल्या लक्षद्वीपलाही त्याचा मोठा फटका बसला. उष्णतेने शैवाल बिघडते, ऑक्सिजनची घातक रूपे निर्माण करते आणि प्रवाळ त्याला अंगाबाहेर टाकतो. मग पांढरा सांगाडा कातडीतून दिसू लागतो. जपानमधील ओकिनावाच्या प्रवाळांचा अभ्यास करून नाकामुरा आणि व्हान वोसिक या दोघा संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले की, सारख्याच तापलेल्या पाण्यात जोराच्या प्रवाहातील प्रवाळ अधिक तगले आणि संथ पाण्यातील अधिक मेले. वाहते पाणी घातक द्रव्ये धुऊन नेते, हे त्याचे एक कारण. त्याच्याही कितीतरी आधी, १८४२ मध्ये, चार्ल्स डार्विन यांनी प्रवाळभित्तींवरील आपल्या ग्रंथात नोंदविले होते की, भित्तीच्या बाहेरच्या, लाटा फुटणाऱ्या कडेला प्रवाळ सर्वांत जोमाने वाढतो. जेथे माणसाला उभे राहवत नाही, तेथे या नाजूक जिवाचे घर भरभराटीला येते.

आपल्या राज्यात प्रवाळ पाहायचा तर सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणला जावे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात तो आहे. १९८७ मध्ये तेथे मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. तेथील पाणी लक्षद्वीपसारखे नितळ नाही. नद्या गाळ आणतात, पावसाळ्यात समुद्र गढूळ होतो. प्रवाळाच्या अंगावर गाळ बसला की शैवालाचा प्रकाश जातो आणि तोंड बुजते. भरती-ओहोटीचे आणि लाटांचे पाणी हा गाळ झटकून नेते, म्हणून तो तेथे टिकतो. मुंबईत किनारी रस्त्याच्या कामासाठी, २०२० मध्ये, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली हाजीअली आणि वरळी येथील खडकांवरचे प्रवाळ हलविण्यात आले, तेव्हा मुंबईच्या खडकांवर प्रवाळ आहे हेच पुष्कळांना प्रथम कळले. असा जीव उचलून दुसरीकडे लावायचा तर नव्या जागी प्रकाश आणि पाण्याची ये-जा जुन्या जागेसारखी असावी लागते. रोप उपटून लावताना आपण जमिनीचा पोत पाहतो, तसेच हे.

आता घरातील टाकीकडे येऊ. काचेच्या टाकीत समुद्र आणायचा म्हणजे मीठ, उष्णता आणि प्रकाश आणणे सोपे. लाट आणणे कठीण. १९६१ मध्ये जकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातील जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ सांभाळण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. पुढे १९८० च्या सुमारास वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी प्रवाळभित्तीची मोठी टाकी उभारली, तेव्हा लाट निर्माण करण्यासाठी त्यांनी एक उलटणारी बादली वापरली. पंपाने बादली भरत जायची, भरली की भाराने कलंडायची आणि सारे पाणी एकदम टाकीत कोसळायचे. हे वाचले तेव्हा मला आमच्या आजोळची मोट आठवली. नाडा ओढला की मोट थारोळ्यात रिकामी व्हायची आणि पाण्याचा लोंढा पाटाने धावायचा. आपल्या मोटेचा हा भाऊबंद वॉशिंग्टनला जाऊन प्रवाळाच्या सेवेस लागला, याची मला मोठी गंमत वाटली.

आज बादलीऐवजी पंखा असलेले छोटे पंप वापरतात. हिशेब असा करतात. टाकी एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि चाळीस सेंटीमीटर पाण्याची, म्हणजे दोनशे लिटरची आहे असे धरू. मऊ प्रवाळांसाठी टाकीतील पाण्याच्या दहा ते वीस पट पाणी तासाभरात फिरावे. फांद्याफांद्यांच्या दगडी प्रवाळांसाठी वीस ते चाळीस पट किंवा त्याहूनही अधिक. वीस पट म्हणजे तासाला चार हजार लिटर. गुरुजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे झाले. पाणी दोनशे लिटर, पण हलवायचे चार हजार.

येथे पंपाच्या पाटीवर विश्वास ठेवू नये. शेतकऱ्याला हे सांगायला नको की, मोटारीच्या पाटीवरील आकडा आणि चारीत पडणारे पाणी यांत उंचीचे अंतर असते. टाकीच्या खाली दुसरी टाकी ठेवून तेथून पाणी वर चढवायचे असेल तर दहा लिटरची बादली आणि घड्याळ घ्यावे. बादली अठरा सेकंदांत भरली तर तासाला दोन हजार लिटर. उरलेले दोन हजार टाकीतच बसविलेल्या फिरत्या पंपांनी भरून काढावे.

आकडा जुळला म्हणजे काम झाले असेही नाही. बारीक तोंडाच्या पंपातून सुटणारी धार कारंज्यासारखी सरळ जाते आणि समोरच्या प्रवाळाचे मांस सांगाड्यावरून सोलून काढते. तिच्या दोन्ही बाजूंचे पाणी मात्र निजलेले राहते. समुद्रात पाणी एकाच बाजूने कधी येत नाही. येते, परतते, वळते, खडकावर आपटून फुटते. म्हणून टाकीच्या दोन टोकांना दोन रुंद तोंडाचे पंप समोरासमोर लावून ते आळीपाळीने चालवितात, म्हणजे प्रवाह मध्ये भेटून खळबळतो. खडकांची रास काचेला टेकवू नये, मागून पाणी फिरायला वाट ठेवावी. ज्या कोपऱ्यात काडीकचरा साठतो तो कोपरा मेलेला समजावा. बांधाआड गाळ साठावा तसा तेथे मळ साठतो आणि वाळूखाली कुजून विषारी वायू होतो. पृष्ठभागही हलता हवा, कारण ऑक्सिजन तेथूनच आत येतो. टाकीच्या कडेला छोटासा सांडवा ठेवला तर वरचा तेलकट पापुद्रा त्यावरून खालच्या टाकीत उतरतो. हा सांडवा बांधाच्या सांडव्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि तितकाच दुर्लक्षितही.

प्रवाह पुरेसा आहे की नाही, हे प्रवाळ स्वतः सांगतो. शुंडके पसरून सावकाश डोलत असतील तर ठीक. एकाच बाजूला सतत दबलेली असतील किंवा आक्रसून बसली असतील तर धार फार. अंगावर धूळ आणि चिकटा राहत असेल तर धार कमी. मोठ्या मांसल प्रवाळांना मंद, फांद्यांच्या ॲक्रोपोराला जोमदार, असा प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो.

आणि वीज गेली तर? या प्रश्नाला मी थोडा वेळ देणार आहे, कारण येथे बसलेल्या प्रत्येकाला भारनियमन माहीत आहे. माझा भाचा अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. त्याने अशीच टाकी घरी ठेवली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास राज्यात हिमवादळ आले आणि लक्षावधी घरांची वीज गेली. माझी थोरली बहीण करोनामुळे तिकडेच अडकलेली होती. पंप थांबले. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो. सव्वीस अंश तापमानाला लिटरमागे जेमतेम साडेसहा-पावणेसात मिलिग्रॅम. रात्री शैवाल तो निर्माण करीत नाही, उलट सारेच तो खर्च करतात. प्रवाळ पाण्यात होते, पाणी तेवढेच होते, आणि तरी ते गुदमरू लागले. बहिणीने टाकीभोवती गोधड्या गुंडाळल्या, गॅसवर तापविलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या आत सोडल्या, आणि तांब्या घेऊन ती बसली. टाकीतलेच पाणी तांब्याने उचलायचे आणि वीतभर उंचीवरून परत ओतायचे. ती, भाचा आणि सूनबाई अशा तिघांनी पाळ्या लावून रात्र काढली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मिळाला. पुष्कळसे प्रवाळ वाचले. मेले ते कोपऱ्यातल्या खडकाआडचे, जेथे तांब्याचे पाणी पोचत नव्हते. बहीण फोनवर एवढेच म्हणाली, “अरे, पाणी होतं रे तिथं, पण हलत नव्हतं.” सीमास्तराचे इतके नेमके वर्णन मी कोठे वाचलेले नाही.

तेव्हा इन्व्हर्टर किंवा बॅटरीवरील हवेचा पंप हा अशा टाकीचा अलंकार नव्हे, तो तिचा श्वास आहे. आणखी एक सावधगिरी घ्यावी. वीज जाताच वर चढणाऱ्या नळीतून पाणी वक्रनलिकेप्रमाणे उलटे खाली येते. खालच्या टाकीत तेवढी जागा रिकामी ठेवली नाही तर खोलीभर खारे पाणी होते.

ह्यूस्टनला चालते ते आपल्याकडे का चालू नये, असे मनात येईल. भाच्याकडचे प्रवाळ समुद्रातून तोडलेले नाहीत. आंब्याची कलमे बांधावीत तशी टाकीतच वाढविलेल्या प्रवाळाची कलमे तिकडे परवानगीने विकली जातात. आपल्याकडील कायद्याची स्थिती निराळी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे यांचा समावेश झाला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मालवणच्या खडकावरील प्रवाळ आणि वाघ एकाच रांगेत आहेत. २०२२ ची सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, त्यानंतरही ते पहिल्या अनुसूचीतच आहेत. तो तोडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. मेलेला वाळका तुकडा दिवाणखान्यात मांडणेही त्यात येते. परदेशी दगडी प्रवाळ साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्यांच्या आयातीस परवाने लागतात, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्यांची परिवेश संकेतस्थळावर नोंद करावी लागते. दुकानदाराने कागद दाखविला नाही तर माल कोठून आला हे विचारण्याचीही गरज उरत नाही.

माझे मत मी गुरुजींना तेव्हाच कळविले आणि येथेही सांगतो. शाळेने जिवंत प्रवाळ आणू नये. दिवाळीच्या सुट्टीत वीज गेली तर तांब्या घेऊन बसायला तेथे कोण आहे? मुलांसमोर एक जीव हळूहळू मरावा आणि तोही बेकायदेशीरपणे आणलेला असावा, हे विज्ञान कक्षाला शोभणारे नाही. वर्गणी जमलीच असेल तर मुलांना ओहोटीच्या वेळी मालवणचा किनारा दाखवावा, पाय मात्र खडकावर जपून टाकायला शिकवून.

परंतु टाकी अवश्य घ्यावी. साधी, गोड्या पाण्याची, दोन छोट्या पंपांची. तीत प्रवाळाऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या वड्या ठेवाव्यात. ही युक्ती माझी नाही; समुद्रशास्त्रज्ञ पाण्याची हालचाल मोजण्यासाठी फार वर्षांपासून असे गोळे वापरीत आले आहेत. बर्फाच्या साच्यात वड्या ओतायच्या, पूर्ण वाळवायच्या, वजन करून प्रत्येकीवर क्रमांक घालायचा आणि फरशीच्या तुकड्यावर चिकटवून टाकीत निरनिराळ्या जागी ठेवायच्या. जेथे पाणी जोराने वाहते तेथे वडी अधिक विरघळते, मेलेल्या कोपऱ्यात ती जवळजवळ तशीच राहते. चोवीस तासांनी काढून, पुन्हा पूर्ण वाळवून वजन केले की टाकीच्या प्रत्येक कोपऱ्याचा पाण्याचा ताळेबंद हाती येतो. मग खडक सरकवावा, पंप वळवावा आणि पुन्हा मोजावे. पाचवीतल्या मुलालाही हे करता येईल.

समोर मांडलेल्या टाकीत परवा सकाळी चार वड्या ठेवल्या होत्या. पाचवी, तुलनेसाठी, बाजूच्या बादलीत निश्चल पाण्यात. प्रत्येकीचे वजन तीस ग्रॅम होते. काल सकाळी त्या काढून वाळत घातल्या. दुसऱ्या क्रमांकाची वडी खडकाच्या मागे होती आणि चौथी दोन्ही पंपांच्या मधोमध. वजनकाटा तयार आहे. शाळेतील दोन मुलांनी पुढे यावे. एकाने वजन वाचावे आणि दुसऱ्याने फळ्यावर लिहावे.